डब्यातली पट्टी

थोरल्या जाऊबाई घरात कधी आवाज चढवत नाहीत. त्यामुळे त्या कारखान्यात साहेबांना भिडल्या हे ऐकलं, तेव्हा सासूबाईंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

जाऊबाईंचं काम पारदर्शक फिल्मचं. मक्याचं स्टार्च आणि पाण्यात विरघळणारं प्लॅस्टिक एकत्र शिजवायचं, जरा ग्लिसरीन घालायचं, काचेवर ओतायचं, वाळलं की अलगद सोलायचं. मग पट्ट्या कापून यंत्रावर ताणायच्या, किती लांबल्यावर तुटली तो आकडा वहीत लिहायचा आणि खाली सही. पण स्टार्च मोठं लबाड. हवेतली ओल पितं. दमट दिवशी पट्टी रबरासारखी लांबते, कोरड्या दिवशी कडकन मोडते. म्हणून जाऊबाई पट्ट्या आधी दोन दिवस बंद डब्यात ठेवतात. आत क्षाराच्या पाण्याची वाटी असते, तिच्यामुळे डब्यातली ओल रोज सारखीच राहते.

बियाणेवाले पाकिटांसाठी फिल्म बघायला यायचे होते. त्या दिवशी हवा अशी कुंद, की वहीची पानंसुद्धा मऊ पडलेली. साहेब खूश.

"ताई, डबा राहू द्या. आत्ताच ताणा. बघा कशी लांबतेय!"

"आज हवा लांबतेय साहेब, पट्टी नाही."

"आकडा लिहा, सही करा. नाहीतर उद्यापासून खोकी बांधायला पाठवीन."

"खोकी बांधीन. सही नाही करणार."

रोज सकाळी हात जोडताना जाऊबाईंचं देवाकडे एकच मागणं असतं, हातून खोटं लिहिलं जाऊ नये. देवानं एवढं ऐकायचं आणि आपणच पेन उचलायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

बियाणेवाले आले. साहेबांनी उघड्यावरची पट्टी ताणली, ती लांबतच गेली. पाहुण्यांनी मान डोलावली. तेवढ्यात जाऊबाईंनी डबा पुढे सरकवला.

"आता ही ताणा."

निम्म्यावरच तुटली. साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"यातली खरी कोणती?" पाहुण्यांनी विचारलं.

"दोन्ही खऱ्या. तुमचं गोदाम कसं आहे, ते सांगा."

"एकदम कोरडं. बियाणं आहे बाई, ओल कशी चालेल?"

"मग तिथे ही फिल्म डब्यातल्या पट्टीपेक्षाही लवकर मोडेल. स्टार्च कमी करून प्लॅस्टिकचा भाग वाढवावा लागेल. पंधरा दिवस द्या."

पाहुणे पंधरा दिवसांनी येतो म्हणून गेले. साहेब गुरगुरले, "उद्या खोक्यांकडे जायचं. समजलं?"

दुसऱ्या दिवशी जाऊबाई वेळेवर पोचल्या आणि सरळ आपल्याच टेबलाशी बसून स्टार्च मोजू लागल्या. साहेब दारात उभे.

"मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं." त्यांनी मान वर केली नाही. "पंधरा दिवसांचा शब्द मी दिलाय. खोकी तुम्ही बांधा तोवर."