जावयाच्या अंगणातली पाटी

ओर्व्हल स्टेगॉलने जन्मभर शाळेची बस चालवली होती, त्यामुळे अलाबामातल्या त्या छोट्या कॉलेजच्या गावात त्याला सगळे ओळखत. जावई गावात आल्यापासून मात्र तो नुसता कोचचा सासरा झाला होता. तिकडचा फुटबॉल अंगावर धडकून खेळायचा; कॉलेजच्या संघात समोरच्यांना अडवणारे जे गडी असतात, त्यांचा कोच म्हणजे केंट, त्याच्या कॉरीनचा नवरा. असल्या कोचच्या बायकोचं बिऱ्हाड सदा पाठीवर. कॉरीन गावोगाव फिरली आणि अखेर नोकरीच्याच निमित्ताने बापाच्या गावात येऊन राहिली. नात जोसी शाळा सुटली की आजोबांकडे येई आणि तळलेली भेंडी खाई. बायको गेल्यापासून ओर्व्हलच्या स्वयंपाकघरात तेल तापायचं ते तेवढ्यापुरतंच. केंटची नोकरी गेली, की हेही जाणार होतं. आणि संघ हरत होता.

त्या शनिवारी तर हातात आलेला सामना गेला. मैदानाबाहेर तंबूत उकडलेल्या शेंगांचं पातेलं मध्ये ठेवून नेहमीची मंडळी बसली.

"पंधरा यार्ड पुढे सरकायचं होतं त्यांना, पंधरा!" होइट न्हावी म्हणाला. "आणि आपले तीन गडी पुढे, बाकीचे सगळे मागे. अडवायला उभे होते की मिरवणूक बघायला?"

"पोरं अंगाला हात लावायला घाबरतात, त्याला कोच काय करणार?" लमार म्हणाला. तो पोस्टातून निवृत्त झालेला, आवाज चढवत नसे.

"मग पोरांना शिकवतं कोण? तुझी आत्या?"

"गेल्या वर्षी याच माणसाला डोक्यावर घेऊन नाचत होतास तू."

"गेल्या वर्षी जिंकत होतो आपण!"

ओर्व्हलने एक शेंग फोडली, आणि तो तिथेच बसलाय हे सगळ्यांना एकदम आठवलं.

"राग मानू नको हं, ओर्व्हल," होइट म्हणाला. "माणूस म्हणून केंट लाखात एक आहे. मी आपला कोचबद्दल बोलतोय."

"बोल की," ओर्व्हल म्हणाला. "शेंगा खारट झाल्यात जरा."

राग यायला हवा होता, हे त्याला कळत होतं. पण मनात चाचपलं तर राग काही हाताला लागत नव्हता.

रविवारी सकाळी जोसीला चर्चला न्यायला तो गेला, तर केंटच्या अंगणात पाटी उभी. 'घर विकणे आहे.' घर कुणी विकायला काढलं नव्हतं. संघ हरला की कोचच्या दारात अशी पाटी रोवायची, म्हणजे आता गाव सोडा, ही तिकडची रीतच. पाटीवर ग्लेंडाचं नाव आणि फोन होता. ग्लेंडा म्हणजे होइटची बायको, घरं विकायचा तिचा धंदा. चिडलेल्या होइटने दुसऱ्याची पाटी शोधण्याचेही कष्ट घेतले नव्हते. एरवी ओर्व्हल यावर महिनाभर हसला असता.

त्याने पाटी उपटली, ट्रकमध्ये ताडपत्रीखाली सारली आणि खड्डा बुटाने बुजवला.

"आजोबा, काय करताय?" जोसी दारात उभी होती.

"काही नाही गं. गवत बघत होतो."

पुढे तो केस कापायला गेला, तेव्हा होइट बराच वेळ कात्रीच वाजवत राहिला.

"ग्लेंडाची एक पाटी सापडत नाहीये," शेवटी तो म्हणाला.

"असं?"

"कुठे दिसली तर..."

"दिसली तर सांगतो."

मानेवर वस्तरा फिरू लागला. ओर्व्हलने डोळे मिटून घेतले.

मोसमातला शेवटचा सामना संघाने जिंकला. केंटच्या गड्यांनी समोरच्यांना एकही गुण करू दिला नाही. होइट तंबूत खुर्चीवर चढून नाचला. दुसऱ्या दिवशी कॉलेजने केंटला काढलं. ठरलेलं आधीच होतं. त्याला दूर वायोमिंगमध्ये काम मिळालं.

कॉरीन बापाकडे आली, ती उभ्या उभ्याच बोलली. "डॅडी, ती पाटी अजून तुमच्या ट्रकमध्येच आहे ना?"

"तुला माहीत होतं?"

"खिडकीतून पाहिलं होतं मी. घर ग्लेंडाकडेच दिलंय विकायला. ती नवी पाटी आणायला निघाली होती. म्हटलं, राहू दे."

ओर्व्हलने हातोडा घेतला. केंटच्या अंगणातल्या जुन्या खड्ड्यातली माती अजून भुसभुशीत होती, फारसं ठोकावं लागलं नाही. जोसी पायरीवर बसून बघत होती.

"सरळ आहे का गं?" त्याने विचारलं.

"थोडी डावीकडे, आजोबा."

त्याने पाटी थोडी डावीकडे केली.

"आता?"

"आता बरोबर आहे."