आईच्या हातची ओटी

मला पाळी का येत नाही, हे सतराव्या वर्षी अकोल्याला सोनोग्राफी झाल्यावर कळलं. माझं गर्भाशय तयारच झालं नव्हतं. मी रडले नाही, आई रडली. तिनं डॉक्टरबाईंना एकच विचारलं, “मॅडम, ही पोटात असताना ग्रहणात मी विळी धरली होती. त्याच्यानं तं नाही ना?”

बाईंनी कागदावर दोन नळ्या काढल्या. मुलगी आईच्या पोटात असताना, सुरुवातीच्या महिन्यांतच, या नळ्या वाढतात, खालून जुळतात आणि गर्भाशय बनतं. कुणाच्या नळ्यांची वाढ थांबते, कुणाचा जोड अपुरा राहतो, कुणाचा मधला पडदा विरत नाही. काहींत जनुकांचा संबंध दिसतो; बहुतेकींत कारण सापडतच नाही. “ग्रहणाचा काही संबंध नाही,” बाई म्हणाल्या. आईनं मान डोलावली आणि घरी येऊन विळी माळ्यावर टाकली. तेव्हापासून आमच्याकडे भाजी चाकूनं चिरतात.

यंदा गावी, किन्हीराजाला, माझ्या चुलतभावाच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. आई ओटी भरायला उठली, तशी आत्या म्हणाली, “तू राहू दे. तुह्या हातानं पोरीचं काय झालं, पायलं ना साऱ्याइनं?”

आई खाली बसली.

बाबांनी चळवळीच्या सभांमधून आणलेल्या पत्रकांवर मी लहानपणी अक्षरं गिरवली आहेत. गप्प बसा असं त्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी उभी राहिले. ओसरीवर पुरुष बसले होते तरी गर्भाशय हा शब्द मोठ्यानं उच्चारला आणि त्या दोन नळ्यांपासून ग्रहणाचा काही संबंध नाही इथपर्यंत सगळं सांगितलं.

“माइक आना वो हिले!” कोणीतरी हसली.

“मंग कारण सांग ना,” आत्या म्हणाली. “कशानं झालं?”

“माहीत नाही, आत्या. डॉक्टरलेही माहीत नाही. पण म्हणून माह्या मायच्या माथी नको मारू.”

शेजारची म्हातारी मध्येच बोलली, “त्याच ग्रहणात मी पोटुशी असून वावरात निंदत होती. माहा पोट्टा पाय, बैलावानी हाय. अक्कल तेवढी नाही, पन ते त्याच्या बापाची.”

सगळ्या हसत असतानाच वहिनी पाटावरून उठली, आईसमोर आली आणि तिनं पदर पसरला. “काकी, तुमी भरा.”

आई उठली, घाईत थोडे तांदूळ सांडले. पण ओटी तिनं पुरी भरली.

घरी आल्यावर तिनं मला माळ्यावर चढवलं. “विळी काढ. चाकूनं कांदा जमत नाही मले.”