खंडेनवमीची चकती

आमच्याकडं नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाणा लागतो, पण मला एवढा दम न्हाई. नाव मन्मथ. निलंग्यात बसस्टँडच्या रस्त्यावर मोटरसायकली दुरुस्त करतात. मी त्यांना मालक म्हणते, आणि म्हणताना मलाच हसू येतं. कारण या माणसाच्या मालकीचं एक पेचकससुद्धा न्हाई.

सगळं माझ्या थोरल्या भावाचं, संगमेश्वरअण्णाचं. त्याचं स्पेअर पार्टचं दुकान, त्याला लागून त्याचंच पत्र्याचं शेड, शेडमागं त्याच्याच दोन खोल्या, त्यात आम्ही. लग्न झालं तवा मालक लातूरला एका गॅरेजात कामाला होते. अण्णानं बोलावून घेतलं. म्हणला, दाजी, हत्यारं माझी वापरा, आपल्यात कसलं आलंय तुमचं-माझं. तवापासून रोज सकाळी हे त्याच्या कपाटातून पाने मागून घेतात आणि दिवस मावळला की पुसून परत देतात. माझं लेकरू शाळेत जायला लागलं, तरी ह्यांचं मागणं काही सुटलं न्हाई.

एकदा ह्यांनी लातूरहून पान्यांचा एक सेट आणला होता. अण्णा भांडला न्हाई. नुसता जेवायचा थांबला. मग आई आली रडत, भावाचं काय चुकलं गं शिवे, म्हणून. शेवटी मीच तो सेट अण्णाच्या कपाटात ठेवून आले. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गावात विचारा, अण्णाबद्दल सगळे चांगलंच सांगतील. मीसुद्धा सांगेन, कारण माझ्या बाळंतपणात दवाखान्यात रात्रंदिवस तोच बसला होता.

यंदा नवरात्रात लातूरच्या एका गॅरेजवाल्याचा, सुदर्शनशेटचा फोन आला. त्याच्याकडं मोठ्या गाड्या येतात, चारशे सीसीच्या. त्यांच्या इंजिनात वॉलवर, म्हणजे व्हॉल्व्हवर, पोलादाच्या बारक्या चकत्या असतात, शिम म्हणतात. शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान. वॉल आणि त्याला दाबणाऱ्या कॅममध्ये केसाएवढी फट लागते. ती कमी-जास्त झाली तर चकती बदलून जाड नाहीतर पातळ घालायची. हे काम जमणारा माणूस त्याला पाहिजे होता. म्हणला, माझी स्वतःची गाडी तापली की बंद पडायलीय. टेम्पोत घालून पाठवतो, वॉल लावून द्या. नीट झाली तर या इकडंच. हत्यारं गॅरेजची, पगार महिन्याच्या महिन्याला, राहायला खोली.

मला तर त्या रात्री झोपच आली न्हाई. लातूरला माझी खोली, माझी चूल, आणि अण्णाच्या कपाटाची किल्ली न्हाई! एवढंच पाहिजे होतं मला. दुसरं काही न्हाई.

आणि आमच्या मालकांनी काय करावं? सकाळी उठून अण्णाला सगळं सांगून आले. म्हणे आशीर्वाद घ्यायला पाहिजे. हात दाखवून अवलक्षण! मी डोक्याला हात लावला. अण्णानं मात्र लई आनंद दाखवला. लेकराच्या हातावर पेढा ठेवला.

गाडी आली ती नेमकी खंडेनवमीला सकाळी. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावायचा न्हाई, काम त्यांना न्हाई आणि माणसालाही न्हाई. अण्णा दरसाल पूजा संध्याकाळी करतो, दुकान बंद झाल्यावर. म्हणून मालकांनी हिशेब केला होता की दुपारपर्यंत काम उरकेल. पण टेम्पोतून गाडी उतरवून हे हत्यारं मागायला गेले तर पाने, फट मोजायचा फिलर, चकत्यांची डबी, सगळं त्याच्या घरी लाल कपड्यावर मांडलेलं आणि वर झेंडूची फुलं. अण्णा म्हणला, यंदा गुरुजींना सकाळचीच वेळ होती.

मालक तसेच परत आले आणि पायरीवर बसले. सुदर्शनशेट दिवस मावळायच्या आत गाडी न्यायला येणार होता.

मीच म्हणलं, आदर्शभाऊकडं जा. आदर्शभाऊ म्हणजे नाक्यावरचे दुसरे मेकॅनिक. ते बौद्ध, त्यांच्याकडं हत्याराची पूजा नसते. ते बायकोलेकरांसंगं त्याच दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर निघाले होते, पिशव्या भरून दारात ठेवलेल्या. तरी त्यांनी पेटी उघडली. पाने दिले, फिलरच्या पात्या दिल्या, होत्या तेवढ्या चकत्या दिल्या. आल्यावर द्या म्हणले आणि एसटी गाठायला गेले. मालक सायकलवर पेटी बांधून आले तवा त्यांचा चेहरा मी पाहिला. लग्नात होता तसा.

ओसरीसमोर पोतं अंथरून काम सुरू झालं. गाडी टेम्पोतून आल्यामुळं इंजिन थंड होतं, ते बरंच झालं, कारण गरम इंजिनात माप खोटं येतं. टाकी काढली, वरचं झाकण काढलं. मी उजेडाला बॅटरी धरून उभी. हे फिलरची पाती फटीत घालायचे, डोळे मिटायचे आणि पाती ओढून बघायचे. तीन वॉल बरोबर होते. चौथ्यात सगळ्यात पातळ पातीसुद्धा शिरेना. लोहचुंबकानं त्याची चकती उचलली. आता त्याहून पातळ पाहिजे होती, आणि आदर्शभाऊच्या चकत्यांत ती नव्हती. लातूरला फोन लावले, तिथंही दुकानं पूजेला बसलेली. दगडावर घासून पातळ करा म्हणलं तर हे तयार होईनात. घासलेली चकती थोडे दिवस चालते आणि मग इंजिनच खाते, म्हणले. दुसऱ्याच्या गाडीत असलं पाप मी करणार न्हाई.

पाहिजे ती चकती अण्णाच्या डबीत होती. दोघांनाही माहीत होतं. हे उठेनात, म्हणून मी गेले.

अण्णाच्या घरी आई होती, वहिनी होती, शेजारपाजारची चार माणसं प्रसादाला आलेली. मी सगळ्यांसमोर चकती मागितली. आई अंगावरच आली. बसवलेलं उठवलं तर वर्षभर धंद्याला बरकत राहत न्हाई, म्हणली. मला वाटलं, अण्णा आता न्हाई म्हणणार. खरं सांगते, मनातून मला तेच पाहिजे होतं. न्हाई म्हणला असता तर मी तिथंच भांडले असते, आयुष्यभराचं भांडले असते, आणि आम्ही तसेच लातूरच्या गाडीत बसलो असतो, चकती मिळो न मिळो.

अण्णा पूजेपुढं गेला. मग वाकून नमस्कार केला, फूल बाजूला केलं आणि डबी उचलली.

"दाजींसाठी देव उठवला तरी चालतंय," तो म्हणला.

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. अण्णा डबी माझ्या हातात देईना. चपला न घालता स्वतः आमच्या दारात आला, मालकांसमोर उकिडवा बसला, आणि त्यांनी आकडा सांगितल्यावर चकती शोधून त्यांच्या तळहातावर ठेवली. चकतीला कुंकू लागलं होतं. मालकांनी ते पेट्रोलनं पुसलं. मग चकती वॉलवर बसवली.

पाती फटीत शिरली, पाहिजे तेवढीच अडून सरकली. गाडी पहिल्या बटनाला सुरू झाली. तापली, तरी बंद पडली न्हाई.

सुदर्शनशेट आला, गाडीवरून गावाबाहेर चक्कर मारून आला. लई खूश. परवापासूनच या, म्हणला, खोली झाडून ठेवतो. अण्णा डबी काखेत धरून तिथंच उभा होता. त्यानं मालकांच्या पाठीवर हात ठेवला.

"जा की दाजी. माझ्यापायी थांबू नका."

मालकांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि सुदर्शनशेटला म्हणले, "न्हाई जमायचं, शेट."

त्यानं कारण विचारलं. हे खाली बसून पाने गोळा करायला लागले. मी बोलणार होते, पण काय बोलू? माझ्या भावानं आमच्यावर उपकार केला म्हणून आता जाता येत न्हाई, असं सांगू? शेट गाडी घेऊन गेला. अण्णाही गेला, जाताना उद्या सगळे आमच्याकडंच जेवायला या, म्हणला.

मालक आदर्शभाऊचे पाने एकेक पुसून पेटीत ठेवत होते. मी म्हणलं, अण्णा न्हाई म्हणला असता तर बरं झालं असतं.

"व्हय," ते म्हणले, आणि हात धुवायला न्हाणीत गेले.