मॅट्रनची शेपटी

मंदा सिस्टरच्या दारात कुणीही उभं राहिलं की आतून पहिला प्रश्न यायचा, "हात धुतले का?" मग तो दूधवाला असो, मतं मागायला आलेला पुढारी असो की वरच्या मजल्यावर राहणारी मी. दाराशी बादली आणि साबण कायम ठेवलेला असे. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात काढलेली, लग्न केलेलं नाही, आणि आवाज असा की मस्तगडच्या आमच्या गल्लीत तो आधी पोचायचा, त्या मागून. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. गल्ली आता त्यांना 'पालवाली बाई' म्हणते. ज्यांची बाळंतपणं त्यांनी केली, तीच माणसं म्हणतात. मला त्याची चीड येते.

पाल त्यांनी माझ्यासमोरच घेतली. माझ्या मुलीच्या माशांसाठी खाद्य आणायला आम्ही दोघी संभाजीनगरला गेलो होतो. दुकानात पोपटासारखे रंगीत पक्षी होते, केसाळ मांजरं होती. सिस्टर थांबल्या त्या कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीपुढे. आत वीतभर लांबीची, तपकिरी पट्ट्यांची, आफ्रिकेकडची पाल. शेपटी अंगठ्यापेक्षा जाड. आपल्या भिंतीवरच्या पालींना पापण्या नसतात, हिने मात्र सावकाश डोळे मिटले आणि उघडले.

"बाकीचे सगळे मला बघून नाचून राह्यले," सिस्टर म्हणाल्या. "ही एकटी शिस्तीत बसलीय. आमच्या दवाखान्यातली मॅट्रन अशीच होती. हलायची न्हाई, पण लक्ष साऱ्या वॉर्डावर." झालं, नाव पडलं. मग भिंग मागवून त्यांनी तिचे डोळे पाहिले, तोंड पाहिलं, बोटांवर जुनी कात अडकलीय का तेही पाहिलं. दुकानदार घाई करू लागला तसा त्याच्यावर आवाज चढला. "आधी खाऊन दाखवू दे तिला, मंग पैसे. न खाणारा पेशंट मी घरी नेत न्हाई."

घरी मॅट्रनचा थाट होता. पेटीच्या एका बाजूला खालून ऊब, दुसरी बाजू थंड, मध्ये लपायला नारळाची करवंटी, तिच्यात ओलं फडकं. गव्हाच्या कोंड्यात वाढवलेल्या अळ्या कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून चिमट्याने द्यायच्या. हातात घेऊन कुरवाळायला कुणालाच परवानगी नव्हती, त्यांना स्वतःलाही नाही. "लाड तुमच्या हौसेसाठी असतात," त्या म्हणायच्या. "खाल्लं का, आणि शी झाली का, एवढं बघायचं. पेशंट असो का पाल." एकदा कात टाकताना पायाची बोटं अडकली, तेव्हा कोमट पाण्यात बसवून, कापसाच्या काडीने त्यांनी ती अशी सोडवली की मी श्वास रोखून बसले होते.

गल्लीने मात्र ठरवून टाकलं की ते घोरपडीचं पिल्लू आहे. आणि घोरपड म्हटलं की आपल्याकडे माणसाला प्राणी दिसत नाही, गुडघ्याला लावायचं तेल दिसतं. मॅट्रन चांगली पोसली गेली, शेपटी आणखी जाड झाली, आणि लोक वाट्या घेऊन येऊ लागले. "सिस्टर, दोनच थेंब. म्हातारीला उठता येईना." सिस्टर दारातूनच गरजायच्या. "हाडाच्या डॉक्टरकडं ने आईला! तेल काय मागून राह्यलास? शेपटीतली चरबी म्हंजे तिचं साठवणीचं आहे. खायला मिळालं न्हाई तर ती त्याच्यावर जगती." कोण ऐकतंय! पाठ वळली की हसायचे. शिकलेसवरलेले लोक, तेही हसायचे.

मंठ्याहून त्यांचा धाकटा भाऊ दत्तू येत असे. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, त्याच्या मुलांचे दवाखाने, सगळं सिस्टरनी केलेलं. घराची एक किल्ली कायम त्याच्याकडे. त्याचेही गुडघे दुखत. श्रावणात आम्ही दोघी बदनापूरला एका बारशाला गेलो होतो. परत आलो तर सिस्टरच्या स्वयंपाकघरात दत्तूभाऊ गॅसपुढे उभा. गॅसवर कढलं, कढल्यात तिळाचं तेल, आणि तेलात मॅट्रनची शेपटी.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. सिस्टर पुढे गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

"म्या नुसती दाबून बघितली, आक्का," तो म्हणाला. "हातातच आली. मंग म्हणलं, आलीच आहे तर... आन् परत उगवती म्हणं. तुझं काय गेलं?"

तुझं काय गेलं! आयुष्यभर तो हेच धरून चालला होता. आक्काचं काढून घ्यायचं, आक्काला परत येतंच. तो माणूस असा आहे हे मला माहीत होतं, पण इतका निर्लज्ज असेल असं वाटलं नव्हतं. मी तोंडाला येईल ते बोलले. सिस्टरनी किल्लीसाठी हात पुढे केला, किल्ली घेतली आणि पेटीकडे वळल्या.

मॅट्रन करवंटीत अंग चोरून बसली होती. सिस्टरनी पेटीतली माती काढून कागदी रुमाल अंथरले, जखम स्वच्छ ठेवली. मी हळद घेऊन धावले तर माझ्यावरच ओरडल्या, "ती भाजी न्हाई!" मॅट्रन खाईना. साठवणीचं तर भावाने नेलं होतं. सिस्टर चिमटा धरून खुर्चीवर बसून राहायच्या, स्वतःचं जेवण विसरून. शेवटी एका दुपारी तिने अळी उचलली, आणि इतके दिवस कोरड्या राहिलेल्या सिस्टर तेव्हा रडल्या.

दिवाळीपर्यंत शेपटी आली. आखूड, गुळगुळीत, पट्टे नसलेली. भाऊबीजेला दत्तूभाऊ साडी घेऊन दारात हजर. मी तिथेच होते. उंबऱ्यातूनच त्याने पेटीकडे मान लांबवली. "बघ, आली का न्हाई परत? म्या म्हणलं नव्हतं?"

"हात धुतले का?" सिस्टरनी विचारलं.

"धुतले की. बराबर साबण लावून."

"तेल निघालं न्हाई अजून," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. ओवाळणीचं ताट त्या दिवशी त्यांनी मांडलंच नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. मॅट्रन आदल्या दिवशीच माझ्याकडे आणून ठेवली होती. "मला बरं वाटत न्हाई, चार दिवस सांभाळ," म्हणाल्या होत्या. तेराव्यानंतर दत्तूभाऊ जिना चढून वर आला. घर त्याला मिळालं होतंच. धापा टाकत म्हणाला, "ती पाल पण आक्काचीच. द्या. गुडघे लई दुखून राह्यले."

त्याची नजर नव्या शेपटीवर होती. मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. जिना उतरताना तो पायरीपायरीला कण्हत होता, ते मला आत ऐकू येत होतं. मला जराही वाईट वाटलं नाही.