कुत्रीसाठी डॉक्टर पाहिजे

लग्नाआधी मी रोह्याची होते आणि लग्नानंतर पेणची झाले. पॅसेंजरने तासाभराचा रस्ता, म्हणून माझी पाठवणी करताना आई फारशी रडली नाही. रडली ती कुत्रीसाठी, कारण कुत्री माझ्याबरोबर निघाली होती.

ही कुत्री कुठल्याच जातीत बसत नव्हती. अंग बाकासारखं लांब, पाय आखूड, एक कान उभा आणि एक पडलेला. वडील शिफ्ट संपवून येताना कंपनीच्या गेटजवळून तिला शर्टात घालून घेऊन आले होते. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, आणि त्याला कारण आहे. पेणची मंडळी मला बघायला आली तेव्हा मुलाची आत्याही सोबत होती. पोहे फिरत असताना कुत्रीने कुणाच्या तरी पिशवीत तोंड घातलं, आणि आईने तिचं नाव घेऊन दटावलं, "आधी बाहेर हो बघू. पाहुणे आलेत ते दिसत नाय?" आत्याबाईंनी हातातली बशी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि निमूटपणे उठून बाहेर ओटीवर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचंही नाव तेच होतं.

आईचा चेहरा पांढरा पडला. मग मुलाच्या वडिलांच्या बशीतला चहा हिंदकळायला लागला. ते हसत होते, पण आवाज न करता, नुसतं पोट हलवत. धरमतरच्या जेट्टीवर उभा जन्म मुकादमी केलेला हा माणूस. बार्जवरच्या खलाशांना घाम फोडणारा. त्यांना हसताना बघून मला धीर आला आणि मी बोलून टाकलं, "लग्न झालं तर ही माझ्याबरोबर येईल."

मुलाने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी कुत्रीकडे बघितलं.

"येऊ दे," ते म्हणाले. "पण नाव बदलायला लागंल."

म्हणून पेणला आल्यावर ती नुसती 'बाय' झाली. सासऱ्यांना मी मामा म्हणायला लागले. सासूबाईंची एकच अट होती: "माझ्या अंगाला शिवायचं नाय तिनी." लहानपणी मिठागरावर कुत्रा मागे लागला होता, तेव्हापासून त्यांना कुत्र्यांची धास्ती. बाय मागच्या दाराने आली की त्या पुढच्या दाराने बाहेर पडायच्या.

पावसाळा संपता संपता बाय डोकं झटकायला लागली. उभा कान पडला, पडलेला आणखी पडला. कानाला हात लावला की कळवळायची. नवऱ्याची तेव्हा रात्रपाळी होती. दिवसा तो झोपलेला. मी घाबरून मामांना सांगितलं. रोह्यात आम्ही तिला सरकारी दवाखान्यात न्यायचो, पण तिथले डॉक्टर बदलून गेले होते, आणि पेणमध्ये मला कुणी माहीत नव्हतं.

मामांनी पायात चपला घातल्या. "मग बघून ठेवायला नको? पोरीला स्थळ बघतात तसा डॉक्टर बघायचा. आधी माणूस कसा हाय ते बघायचं, मग जनावर त्याच्या हातात द्यायचं."

तोपर्यंत मामा माझ्याशी चारदोन शब्दांपलीकडे बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र बायला कापडी पिशवीत घालून, तिचं तोंड बाहेर ठेवून, ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही पेणच्या बाजारातून निघालो. ओळखीचा माणूस भेटला की ते थांबायचे. "ही माझी सून. आणि ही तिच्याबरोबर आलेली." लोक पिशवीत वाकून बघायचे. मला हसू आवरेना, आणि हसताना सासऱ्यांनी बघू नये म्हणून मी पदर तोंडाला लावून चालत होते.

पहिलं स्थळ काचेच्या दाराचं. आत गारवा, भिंतीला शाम्पूच्या बाटल्या, कपाटात परदेशी खाद्याच्या पिशव्या. डॉक्टर पोशाखाने नीटनेटके होते. त्यांनी टेबलापलीकडून विचारलं, "फूड कुठलं देता?"

"भात," मामा म्हणाले. "आणि सुका बोंबील."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग खाद्याची मोठी पिशवी, गोळ्या, शाम्पू, असं बरंच काही सुचवलं. कानाचं मी दोनदा सांगितलं, तेव्हा थेंबांची एक बाटलीही त्यात घातली. मामांनी सगळं ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि काहीही न घेता बाहेर पडले.

रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "माणूस शिकलेला हाय. पण त्यानी बायला हात नाय लावला. पोरगी न बघता याद्या करणारं स्थळ आपल्याला नको."

दुसरं स्थळ हमरापूरकडे होतं. नोकरीतून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर. जन्मभर बैल आणि म्हशी बघितलेले. शेजारी गणपतीचा कारखाना, आणि डॉक्टरांच्या अंगणातही फळ्यांवर कच्च्या मूर्ती वाळत ठेवलेल्या. डॉक्टरांनी बायला वेळ न लावता उचललं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाले, "जनावर फार बारीक हाय हो. माझ्या हाताला लागत नाय." तरी त्यांनी घरात हाक मारून औषध पाजायची बांबूची नळी मागवली. म्हशीला पाजतात ती. एका बाजूला बाय आणि दुसऱ्या बाजूला नळी धरली, तर नळी लांब निघाली असती.

बायने ती नळी बघितली आणि डॉक्टरांच्या हातातून निसटून सरळ मूर्तींच्या फळ्यांखाली शिरली.

कारखानदार धावत आला आणि जागच्या जागी थांबला. मीही थांबले. एक धक्का बसला असता तर सोंडा, हात, उंदीर, सगळं जमिनीवर आलं असतं. फळ्यांखालून एक तपकिरी शेपूट या टोकाकडून त्या टोकाकडे जात होती, वळत होती, परत येत होती. वरची एकही मूर्ती हलली नाही. एवढे आखूड पाय देताना देवाने काय विचार केला असेल ते मला त्या दिवशी समजलं. शेवटी ती पलीकडून बाहेर आली, अंग झटकलं आणि मामांच्या पायाशी जाऊन बसली. कारखानदाराने श्वास सोडला आणि खाली बसकण मारली. "आमची पोरं दिवसातून दोनदा धडकतात," तो म्हणाला, "हिला माझ्याकडे कामाला ठेवा." मग तो हसायला लागला, म्हातारे डॉक्टर हसायला लागले, मामांचं पोट हलायला लागलं, आणि मी पदरबिदर विसरून सासऱ्यांच्या समोर खदखदून हसले. डॉक्टरांनी आम्हाला चहा पाजला आणि स्वतःच सांगितलं की कानासाठी लहान जनावरांचा हात असलेला माणूस बघा. पैसे घेतले नाहीत.

परतीच्या एसटीत मामा एकदम म्हणाले, "तुझं हसणं तुझ्या आईसारखं हाय काय गो?" मी म्हटलं, वडिलांसारखं आहे. "बरं हाय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

संध्याकाळी मी शेजारच्या फोनवरून आईला हकिकत सांगितली. आई म्हणाली, रोह्यात एका मुलीने नुकताच घराच्या पडवीत दवाखाना काढलाय, लोक चांगलं बोलतात. झालं. दुसऱ्या दिवशी मामांनी ओळखीचा पापडांचा टेंपो गाठला. पुढे ड्रायव्हर आणि मामा, खिडकीकडे मी, आणि माझ्या मांडीवर पिशवीतली बाय. मागे पापडांचे गठ्ठे. वळणावर टेंपो कलला की आम्ही सगळे एका बाजूला, आणि बायचे कान वाऱ्यावर. दुखत असूनही तिने नाक बाहेरच ठेवलं होतं. लग्नानंतर मी पहिल्यांदाच माहेरी जात होते, तेही सासऱ्यांबरोबर आणि पापडांबरोबर. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

डॉक्टर माझ्याच वयाच्या निघाल्या. आम्हाला बघून त्या खुर्चीवरून उठल्या आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या. हात पुढे केला नाही, काही नाही. बाय पिशवीतून उतरली, त्यांच्याभोवती एक फेरी मारली, ओढणी हुंगली आणि त्यांच्या मांडीवर पुढचे दोन पाय ठेवले.

मामा मात्र इतक्यात विरघळणार नव्हते. त्यांनी स्टूल ओढलं आणि चौकशी सुरू केली. गाव कुठलं, घरी कोण कोण, शिक्षण कुठं झालं. शेवटी विचारलं, "तुम्हाला कुत्रा चावलाय काय कधी?"

डॉक्टरबाईंनी दोन्ही बाह्या वर करून हात दाखवले. "हा कुत्रा. हे मांजर. हे पण मांजर. आणि हा पोपट."

"पसंत हाय," मामा माझ्याकडे वळून म्हणाले.

केसपेपरवर लिहायला बाईंनी कुत्रीचं नाव विचारलं. मी 'बाय' म्हणणार तेवढ्यात मामा म्हणाले, "कागदावर खरं पायजे," आणि बहीण तिकडे पेणमध्ये असूनही त्यांनी मागे वळून बघितलं, खाली वाकले आणि बाईंच्या कानात नाव सांगितलं.

कानात कुसळ निघालं. गवताचं, बारीक, टोकदार. बाईंनी मला बायचं तोंड धरायला लावलं, चिमटा घातला आणि एका झटक्यात ते बाहेर काढलं. बायने डोकं झटकलं, शिंकली, आणि पडवीभर गोल गोल धावत सुटली. एकदा मामांच्या स्टुलाखालून, एकदा माझ्या साडीखालून. तिचा तो उभा कान पुन्हा वर आला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी हसतही होते.

मग पैशांचं बोलणं निघालं. फी जास्त नव्हती, पण रोह्याला यायचं-जायचं, टेंपोवाल्याला काही द्यायचं, आणि नवऱ्याची नोकरी नवी होती. मामांनी जेट्टीवरचा आवाज काढला, पण बाईंनी त्यांना घासाघीस करू दिली नाही. त्यांनीच सरळ सांगितलं, "भात-बोंबील चालू ठेवा, मीठ न घालता, काटे काढून. महागाचं खाद्य नको. शाम्पू नको. पण लस चुकवायची नाय, तिथं पैसे वाचवलेत तर पुढं दसपट जातील. आणि पेणमध्ये दहाबारा जनावरं जमवलीत तर मी एका रविवारी गाडीने येईन. औषधं एकदम आणली की स्वस्त पडतात, माझं येणं सगळ्यांत वाटलं जाईल. मला फक्त जेवायला घाला."

मामांना निवृत्तीनंतर प्रथमच काम मिळालं. पुढचे दिवस ते घरोघर फिरत होते. कुणाकडे कुत्रं, कुणाकडे मांजर, कुणाला पैसे आत्ता जमतील, कुणाला महिन्याअखेरीस. ज्याला जमणार नव्हतं त्याच्या कुत्र्याचा खर्च दुसऱ्या कुणाच्या नावावर घालायचे. घरी आले की जेवताना सगळं मला सांगायचे. मी वाढता वाढता ऐकायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "आधी जेवा. कुत्री कुठं पळून नाय जात."

त्या रविवारी आमच्या अंगणात सगळंच आलं. कुत्री आली, टोपलीत झाकलेली मांजरं आली, एक बोकड आला, आणि एका आजीबाईंनी कोंबडा आणला, कारण तो पहाटे आरवत नव्हता. आत्याबाई मांडवातल्या पाहुण्यांसारख्या खुर्चीवर बसून सगळ्यांना रांगेत लावत होत्या. एक मांजर टोपलीतून सुटलं आणि कोंबड्याच्या मागे लागलं, कोंबडा बोकडाच्या पाठीवर चढला, आणि त्याच वेळी तो आरवला. आजीबाई म्हणाल्या, "बरा झाला," आणि त्याला बगलेत घालून घरी निघून गेल्या. डॉक्टरबाई भिंतीला टेकून हसत राहिल्या.

मग गल्लीच्या टोकाच्या वखारीतला कुत्रा आणला. केवढा थोरला, काळा. तिघांनी धरला तरी उधळत होता, सुई बघितली की गुरगुरत होता. बाई थांबल्या. लोक मागे सरकले. इतक्यात सासूबाई भाताचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांना अंगणात काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, समोर एवढं धूड बघून त्या दचकल्या आणि घाबरूनच ओरडल्या, "गप खाली बस."

कुत्रा बसला.

सासूबाई ताट धरून तशाच उभ्या. बाई हळूच म्हणाल्या, "आई, तिथंच उभ्या राहा. त्याच्याकडे बघत राहा." आणि तेवढ्यात सुई टोचून झाली. कुत्र्याने हूं की चूं केलं नाही. तो सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होता. मी त्यांच्या हातातलं ताट घेतलं. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि दोन बोटांनी त्याच्या कपाळाला शिवल्या.

"मऊ हाय गो," त्या मला म्हणाल्या.

नंतर उरलेली सगळी जनावरं त्यांनीच धरली. पदर खोचून, प्रत्येकाला दम देऊन. मामा बाजूला उभे राहून बघत होते. त्यांना स्वतःला एकही कुत्रं धरता आलं नव्हतं. शेवटी बायचा नंबर आला. सासूबाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं, जणू रोज घेत असाव्यात, आणि तिची हनुवटी तळहातावर ठेवली.

जेवणं उशिरा झाली. कोळंबीचं कालवण, भात, तांदळाची भाकरी. बाईंनी हात राखून खाल्लं नाही. मी आणि मामा त्यांना गाडीवर सोडायला गेलो. वाटेत मामांनी ठरवून टाकलं की दर दोन-तीन महिन्यांनी असा रविवार करायचा. बाई व्हय म्हणाल्या. पुढे वर्षानुवर्षं त्या येत राहिल्या. आधी एकट्या, मग नवऱ्याबरोबर, मग कडेवर पोर घेऊन. वखारवाला, पापडवाला, हमरापूरचा कारखानदार, सगळे आपापली जनावरं घेऊन आमच्याच अंगणात यायचे, आणि बाय म्हातारी होईपर्यंत तिच्या औषधाला आम्हाला कधी हात आखडावा लागला नाही.

त्या संध्याकाळी स्टेशनवरून परत आलो तर सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. बाय त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपली होती.

"हळू या," त्या म्हणाल्या. "आता कुठं डोळा लागलाय तिचा."