शर्टाच्या शिवणीतली धूळ

मंगळवारी केडगावात शेवंताबाईंच्या ओट्यावर बसलो होतो. मोबाईलमध्ये एकच फोटो होता आणि तो त्यांना कसा दाखवावा ते सुचत नव्हतं...

त्यांचे यजमान कारखान्यात बॉयलरच्या पाइपांवरचं जुनं आवरण खरवडून काढायचे. छातीच्या आजाराने गेले. कारखान्याच्या डॉक्टरांनी कागदावर कारण लिहिलं, बिडी. आवरण म्हणे काचेच्या लोकरीचं, निरुपद्रवी.

मी कामगार युनियनचा माणूस, कारखान्याच्या गेटवर भाषणं ठोकली. टाळ्या पडल्या, आत एक फाईल हलली नाही. आवरणाचा नमुना घ्यायलाही आत सोडेनात. शेवटी बाईंनी पेटीतून यजमानांचा कामावरचा शेवटचा शर्ट काढून दिला... न धुता ठेवलेला.

शिवणीतली धूळ पुण्याला मीनलकडे पाठवली. ही आपल्या नेवासे गावची मुलगी, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करते. धुळीच्या एका तंतूवर इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा. काच असेल तर आत अणूंची शिस्त नसते, फोटोत नुसतं पुसट वलय उमटतं. स्फटिक असेल तर ठिपके उमटतात, रांगेने. त्या ठिपक्यांमधली अंतरं मोजली की पदार्थ ओळखता येतो.

आमच्या फोटोत ठिपके होते. अंतरं जुळली ती ॲस्बेस्टॉसशी, श्वासातून आत गेलं की फुप्फुसात रुतून बसणाऱ्या तंतूंशी.

मीनलने बजावलंही, "सर, धूळ कसली ते मी सांगते. माणूस कशाने गेला ते नाही. भाषणात वाढवून सांगू नका." ओळखून आहे मला.

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. "रांगोळीचे ठिपके घातल्यावानी दिसतंय," म्हणाल्या. मग हळूच, "म्हंजी बिडीवरून मी त्येंला उगंच लई बोलले... पार शेवटच्या दिसापर्यंत."

मी काही बोलणार, तोच त्यांना ढास लागली. कोरडी... थांबेचना. कधीपासून, म्हणून विचारलं.

"दिवाळीपास्नं हाय. त्येंचे कपडे रोज मीच झटकायचे की, हितंच दारात. धूळ घरात नको म्हनून."



उद्या त्यांना तपासणीला नेतोय. तुमच्या घरात अशा कामावर जाणारं कुणी असेल तर कपडे झटकू नका, ओले करूनच धुवा. मीनल, तुझे उपकार आहेत पोरी.

इतकी वर्षं गेटवर घसा फोडून मी कामगारांची नावं घेतली. त्यांचे कपडे धुणाऱ्या एकाही बाईचं नाव त्यात नव्हतं.