ढग्याचं आहेपूट

ललिता देवरे नाशिकच्या एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायची. १९९२ पासून. त्या टेबलावर बसून तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. दहा वर्षांपर्यंतची पोरं बालविभागावर तुटून पडतात आणि तेराव्या वर्षी एकदम गायब होतात. जातील तरी कुठे बिचारी? छोट्या कपाटात बोलणारे ससे, मोठ्या कपाटात लग्न, हुंडा आणि घटस्फोट. मधल्या पोरांना मराठीत जागाच नव्हती.

"मग तूच लिही की," नवरा किशोर सहज म्हणून गेला. सातपूरच्या कारखान्यातून दमून आलेला माणूस, त्याला काय ठाऊक पुढची सहा वर्षं आपल्या घरात दूध रोज उतू जाणार आहे! ललिता गॅसजवळ वही घेऊन बसायची आणि दूध आपल्या वाटेने जायचं. करपलेला वास आला की किशोर बाहेरूनच ओरडायचा, "आज किती पानं झाली?"

कादंबरीत होती अंबू, चौदा वर्षांची, पंचवटीतली, तोंडाने फटकळ. आणि होता ढग्या. ढग्या म्हणजे डोंगराएवढा राक्षस. डोंगराएवढा कसला, डोंगरच! हजार वर्षं झोपल्यामुळे अंगावर झाडं उगवलेली, डोकं चांदवडकडे आणि शेपूट थेट रामकुंडाच्या पाण्यात. अंबूचा पाय त्या शेपटावर पडतो आणि ढग्या जागा होतो. शाळेतले कडक हेडमास्तर सोडले तर सगळं गाव पळतं.

आता हा ढग्या बोलणार कसा? ललिताने पहिल्यांदा त्याला पुस्तकी मराठीत बोलायला लावून पाहिलं. छे! बँकेतला साहेब बोलतोय असं वाटलं. मग एका सकाळी ढग्या आपणहूनच बोलला, "भिऊ नको पोरी, मी आठेच शे." मी इथेच आहे. ललिता दचकलीच. हा तर तिच्या आईचा आवाज! आई, बायडाबाई, देवळ्याची. आयुष्यभर अहिराणीच बोलली. तिच्या बोलण्यात 'आहे' नाहीच, सगळं 'शे'. त्या दिवसापासून ढग्या असा काही सुटला की लिहिता लिहिता ललिताचा हात दुखायला लागला.

लिहून झालं आणि खरा वनवास सुरू झाला. पुण्याच्या प्रकाशकाने कळवलं, नायिका बालसाहित्याला मोठी आणि कादंबरीला लहान, हे पुस्तक ठेवायचं कुठल्या कपाटात? मुंबईहून बाड न उघडताच परत आलं, सुतळीची गाठसुद्धा तिचीच होती. शेवटी २००३ साली नाशिकच्याच, शालिमारजवळच्या एका प्रकाशकाने होकार दिला. दिनेशराव त्यांचं नाव. बोलणं असं शुद्ध की समोरच्याने आपोआप ताठ बसावं.

"कथा उत्तम आहे," ते म्हणाले. "परंतु हे 'शे' काढावं लागेल. पुण्याच्या मुलांना कळायचं नाही. राक्षसाला 'आहे' म्हणू द्या."

 सहा वर्षं लिहिलेलं, दारोदार फिरलेलं बाड ते, जिवावर आलं तरी ललिता "बरं" म्हणाली. रस्ताभर स्वतःवर चिडत घरी गेली.

इथे आला योगेश. दिनेशरावांकडे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करणारा, हाताने चपळ आणि आत्मविश्वासाने त्याहून चपळ. "एकेक शब्द कशाला शोधायचा सर? एका बटणात करतो." आणि केलं की त्याने. पुस्तकातल्या प्रत्येक 'शे'चं 'आहे'.

पहिलं प्रूफ घरी आलं आणि ललिताने वाचलं, 'ढग्याने आपलं आहेपूट हलवलं.' पुन्हा वाचलं. आहेपूट! खाली पाहते तर अंबूच्या आहेजारी राहणाऱ्या काकू आहेळी घेऊन आहेतातून पळत होत्या, आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरात 'आहेवट'. तिची हसून हसून मुरकुंडी वळली. किशोर तर महिनाभर चिवड्यातली आहेव वेचून खात होता.

ललिताने फोन केला तेव्हा योगेश ओशाळला. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, उलटं करून देतो." म्हणजे काय, तर आता सगळ्या 'आहे'चं 'शे'! धन्य तो योगेश. शेपूट शेपटाच्या जागी आलं, शेळी शेळीच्या जागी आली, पण मुळात जिथे जिथे 'आहे' होतं तिथेही 'शे' झालं.

दुसरं प्रूफ आलं त्या आठवड्यात बायडाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आली होती. डोळ्याला पट्टी, दिवसभर करायचं काय? ललिता तिच्याजवळ बसून मोठ्याने प्रूफ वाचायला लागली, चुकांवर पेन्सिलीने खुणा करत. ढग्या बोलला की म्हातारी खुदकन हसायची. मग शाळेचा प्रसंग आला. हेडमास्तर छडी आपटून गरजले, "ही शाळा शे, बाजार नाही!"

ललिताने हसत खूण करायला पेन्सिल टेकवली. पण आई हसली नव्हती.

"हाऊ हेडमास्तर आपलाच शे का?" तिने विचारलं. हा हेडमास्तर आपल्यातलाच आहे का?

आणि मग तिने जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. 'शे' म्हटलं की मास्तर छडी मारायचे, 'आहे' म्हण म्हणायचे. जीभ काही वळेना. एक दिवस ती गेलीच नाही. हेडमास्तरसुद्धा 'शे' म्हणतो अशी शाळा असते, हे तिला आज कळत होतं. पट्टीखालून पाणी यायला लागलं तशी ललिता घाबरली, ऑपरेशनचा डोळा! तिने पदराने आईचा गाल टिपला. स्वतःचा टिपायचा राहिलाच.

दुसऱ्या दिवशी ती दिनेशरावांसमोर उभी राहिली. बसलीसुद्धा नाही.

"हेडमास्तर नाशिकचे आहेत, ते 'आहे' म्हणतील. पण ढग्या 'शे'च म्हणणार. जमत नसेल तर माझं बाड परत द्या." मग आईचा प्रश्न आणि ती छडी, सगळं सांगून टाकलं.

दिनेशरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. योगेश श्वास रोखून बघत होता. आणि त्या शुद्ध तोंडातून, पंचवीस वर्षांत त्या ऑफिसात कोणी न ऐकलेला आवाज निघाला.

"ताई, मी सटाणाना शे."

सटाण्याचा, म्हणजे घरची बोली अहिराणीच. पुढे काय सांगायचं! दिनेशरावांनी स्वतः पेन्सिल घेऊन ढग्याचा शब्दन् शब्द तपासला, ललिताची अहिराणी दोन जागी चुकली तीही दुरुस्त केली. पुस्तक २००४ च्या दिवाळीत आलं. एवढं करूनही त्रेचाळिसावं पान योगेशने चुकून पहिल्या प्रूफातलंच लावलं आणि त्यावर एक आहेपूट राहिलंच. पोरांना ते राक्षसाच्या अवयवाचं नाव वाटलं. वाचनालयाच्या टेबलाशी आठवीनववीची पोरं येऊन विचारायला लागली, "मॅडम, ढग्या शे का?" पुण्याहून पत्रं आली, त्यातही 'शे' होतं. न कळायला काय झालंय?

छापलेलं पुस्तक घेऊन ललिता देवळ्याला गेली आणि आईला पुन्हा वाचून दाखवायला बसली. ढग्यावर म्हातारी खूश होती. हेडमास्तर आले, छडी आपटली, "ही शाळा आहे, बाजार नाही!" म्हणाले, तशी तिने ललिताचा हात धरून थांबवलं.

"हेडमास्तरले काय व्हयनं?"

काय झालं हेडमास्तरला! नाशिकला परत आल्यावर ललिताने दूध गॅसवर ठेवलं, नवी वही काढली आणि पहिल्याच ओळीत अंबूच्या शाळेत नवे हेडमास्तर आणले. ते देवळ्याचे आहेत.